मर्यादा आढळली नाही

अकोल्यात दारात उभं राहून घासाघीस करायचे दिवस आता संपले होते. मेकॅनिक यायचा, गार खोली तपासायचा, किंमत सांगायचा आणि मग खिशातून काडेपेटीएवढं एक यंत्र काढून घरमालकापुढे धरायचा. "सवलत पाहिजे असेल तर यात बोला," एवढंच म्हणायचा. घरमालक दोन-चार वाक्यं बोलायचा, यंत्र टिंग करायचं आणि सवलतीचा आकडा दाखवायचं. कधी पंधरा टक्के, कधी पाच, कधी काहीच नाही. त्यावर वाद नाही. पूर्वीसारखं "जाऊ द्या ना भाऊ, शेवटचं सांगा" नाही, चहा पाजून मेकॅनिकला मऊ करणं नाही आणि "शेजारच्यांना तर तुम्ही कमीत करून दिलं" असं बिनधास्त ठोकून देणंही नाही.

गार खोली म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. उन्हाळे इतके चढले होते की वऱ्हाडातल्या प्रत्येक घरात एक तरी खोली जाड भिंतींची, घट्ट दाराची आणि यंत्राने थंड ठेवलेली असावीच लागे. होळी झाली की म्हातारी माणसं, तान्ही बाळं आणि आजारी माणसं त्या खोलीत मुक्कामाला जात, ती मृग लागल्यावरच बाहेर येत. पंखा बंद पडला तर माणूस वैतागतो. गार खोली बंद पडली तर घरातलं कोणीतरी दगावतं. त्यामुळे या खोल्यांची दुरुस्ती करणाऱ्या 'सावली गृहसेवा' नावाच्या कंपनीचा धंदा जोरात होता आणि तिथल्या सवलत-मंजुरीच्या टेबलावर मृण्मयी सरप बसत असे.

मृण्मयी चाळिशीची, बोलकी आणि नको तिथे नाक खुपसणारी. हा दुर्गुण आहे असं तिचा नवरा म्हणे, याला कुतूहल म्हणतात असं ती म्हणे. ते काडेपेटीएवढं यंत्र येण्याआधी सवलत द्यायची की नाही हे ती स्वतः ठरवायची. मेकॅनिक घरातून फोन लावून द्यायचा, ती घरमालकाचं बोलणं ऐकायची आणि अंदाजाने सांगायची की याला दहा टक्के द्या, हा नुसताच रडतोय, याला काही देऊ नका. तो अंदाज पुष्कळदा चुकायचा. ज्याला बोलता येई तो सवलत घेऊन जाई आणि भिडस्त माणूस मुकाट्याने पूर्ण पैसे मोजे. म्हणूनच कंपनीने यंत्र आणलं तेव्हा मृण्मयीला मनापासून बरं वाटलं होतं. प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे सवलत मिळेल, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. आता तिच्याकडे फक्त बटण दाबायचं काम राहिलं होतं, कारण शेवटचं बोट माणसाचं असावं असा कायदा होता. यंत्राने दिलेली सवलत कमी करायची तिला मुभा होती, वाढवायची नव्हती.

तर होळी होताच जठारपेठेतून विशाल अढाऊ यांचा अर्ज आला, म्हणजे यंत्रात टिपलेलं त्यांचं बोलणं. अढाऊ सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोचं, पल्लवीताईंचं, अर्धं अंग लुळं पडलं होतं आणि तेव्हापासून त्यांचा उन्हाळा गार खोलीतच जाई. या वर्षी त्या खोलीचं मुख्य यंत्रच कामातून गेलं होतं. डागडुजी करून ते अक्षय तृतीयेपर्यंत कसंबसं चाललं असतं, पुढे नाही. नवीन यंत्राची किंमत सरांच्या पेन्शनीला झेपणारी नव्हती आणि त्या बनावटीचे भाग सावलीशिवाय कोणाकडे मिळत नव्हते.

मृण्मयीने त्यांचा आवाज लावला. "माझी पल्लवी त्या खोलीत आहे," सर सांगत होते. "तिला बाहेर काढता येत नाही हो. तुम्ही म्हणाल ते देतो, घर गहाण टाकतो, पण थोडं कमी झालं तर लई बरं होईल."  आवाजाखाली पडद्यावर यंत्राने लिहिलं होतं: 'होकारबिंदू: मर्यादा आढळली नाही. सवलत: शून्य.'

असं वाक्य मृण्मयीने आजवर पाहिलं नव्हतं. आकडा नसलेला अर्ज ही काय भानगड आहे, हे कळल्याशिवाय आता तिला चैन पडणार नव्हतं. नशिबाने त्याच आठवड्यात डॉ. कौमुदी खंडारे वार्षिक तपासणीसाठी अमरावतीहून येणार होत्या. हे यंत्र त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मलं होतं.

डॉक्टर आल्या तेव्हा मृण्मयीने शेगाव कचोरी मागवून ठेवली होती, आणि कचोरीवरच सगळा धडा झाला. हिशेब विभागातल्या भूषण तायडेला साखरेचा त्रास होता आणि कचोरीला मनाई होती. आपण कचोरी सोडली, आता तिच्याकडे बघावंसंही वाटत नाही, असं तो सगळ्यांना ऐकवत असे. डॉक्टरांनी यंत्र त्याच्यापुढे धरलं. भूषणने तोंड कोरं करून, अगदी बातम्या दिल्यासारखं सांगितलं की मला कचोरी नको आहे, फुकट दिली तरी नको. यंत्राने टिंग केलं. एका कचोरीसाठी भूषण अख्ख्या डझनाचे पैसे मोजायला तयार होता. ऑफिस हसून हसून बेजार झालं. आता अब्रू गेलीच आहे म्हटल्यावर भूषणने ती कचोरी खाऊनही टाकली, आणि वर आणखी दोन.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. कुठलीही वस्तू असो, एका किमतीपर्यंत माणूस हो म्हणतो आणि त्याच्या वर गेलं की नाही म्हणतो. जिथे होचं नाही होतं ती किंमत म्हणजे होकारबिंदू. घासाघीस म्हणजे दुसरं काय, समोरच्याचा होकारबिंदू चाचपडत शोधणं. दुकानदार वरून खाली येतो, गिऱ्हाईक खालून वर जातं आणि दोघेही थापा मारत असतात. यंत्राला थापा ऐकूच येत नाहीत. घशाकडे जाणारी डाव्या बाजूची एक नस मेंदूकडून सरळ घशात जात नाही. ती आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीखालून वळसा घेते आणि मग वर येऊन आवाजाला हलवते. एखादी गोष्ट माणसाला किती हवी आहे, त्याचा अगदी बारीक कंप त्या नसेतून आवाजात उतरतो. आपल्या कानाला तो कळत नाही. यंत्राला कळतो.

"म्हणजे आपला आवाज काळजाला वळसा घालून येतो?" मृण्मयीने विचारलं. तिला ही गोष्ट इतकी आवडली की तिने स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून पाहिला.

"तसंच म्हणा," डॉक्टर म्हणाल्या.

मग मृण्मयीने अढाऊ सरांचा अर्ज पुढे ठेवला. डॉक्टरांनी तो ऐकला आणि पुन्हा एकदा लावून ऐकला. मग म्हणाल्या की या माणसाला कुठलीही किंमत सांगितली तरी तो हो म्हणेल. वर छतच नाही, म्हणून आकडा नाही.

"पण मॅडम, यंत्र ऐपत मोजतं ना? यांची तर ऐपतच नाही."

"यंत्र ऐपत मोजत नाही, मृण्मयीताई. हवंपण मोजतं. ऐपतीने होकारबिंदू वर जातो, तसा नडीनेही जातो. आवाजात दोन्ही एकसारखेच ऐकू येतात. आम्ही हे दवाखान्यासाठी बनवलं होतं. ज्या पेशंटला सांगता येत नाही, त्याला किती दुखतंय ते कळावं म्हणून. कंपनीने त्याचं काय करायचं ते कंपनी ठरवते."

म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच सगळ्यात कमी सवलत. हे इतकं उघड होतं आणि इतके दिवस बटण दाबताना आपल्या डोक्यात कसं आलं नाही, याचा मृण्मयीला राग आला, थोडा कंपनीचा आणि बराचसा स्वतःचा. यंत्राला फसवायची काही युक्ती नाही का, असं तिने विचारलं. आजवर कोणालाच जमलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी भूषणला पुन्हा बोलावून तेच वाक्य म्हणायला लावलं. तीन कचोऱ्या पोटात गेलेल्या भूषणचा आकडा धाडकन खाली आला. "बघा," डॉक्टर म्हणाल्या, "पण ही फसवणूक नाही. आता त्याला खरंच नकोय." सगळे पुन्हा हसले आणि चहा आला.

मृण्मयीने ते ऐकलं, पण तिला फारसं पटलं नाही. भूषणला सरावच कुठे होता? आणि आवडलेली गोष्ट लपवायची कला प्रयोगशाळेतल्या बायकांना काय ठाऊक, ती तर बाजारात शिकायची असते. लहानपणी ती आईबरोबर गांधी रोडच्या दुकानात फ्रॉक घ्यायला गेली होती आणि "आई, हाच घे" असं मोठ्यांदा म्हणून बसली होती. त्याच क्षणी आईने दुकानदाराला दिसणार नाही असा तिच्या दंडाला चिमटा काढला होता. मग आईने त्या फ्रॉककडे नाक मुरडलं, शिवणीला नावं ठेवली, पाठ फिरवली आणि दुकानदाराने हाक मारेपर्यंत ती पायऱ्या उतरत राहिली. फ्रॉक निम्म्या किमतीत मिळाला. असा चिमटा न खाल्लेलं मूल आपल्याकडे शोधून सापडायचं नाही. घेताना आवडलं असं दाखवायचं नाही, हे आपण बाराखडीच्या आधी शिकतो.

त्यामुळे अढाऊ सर स्वतःच ऑफिसात आले तेव्हा तिचं ठरलेलं होतं. सर इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि आपल्याच बोलण्यात काहीतरी चूक झाली असावी, अशा समजुतीने आधीच माफी मागत होते. मृण्मयीने त्यांना सगळं समजावून सांगितलं, छातीतून वळसा घेणाऱ्या नसेसकट.

"म्हणजे मी जास्त मागितलं का?" सरांनी विचारलं.

"तुम्ही जास्त सांगितलंत, सर. ताई तुम्हाला किती हव्यात ते सांगून बसलात. दुकानात असं सांगतात का?"

सर कसनुसं हसले. लपवायला जातो पण तिचं नाव घेतलं की घसाच भरून येतो, असं म्हणाले. मृण्मयीने फ्रॉकची गोष्ट सांगितली. पाठ फिरवून पायऱ्या उतरायच्या, हे तिने दोनदा बजावलं. नुसता आवाज बदलून भागणार नाही, मनातूनच पायऱ्या उतरायला हव्यात. आत दुसऱ्या कोणाची तरी बायको आहे, असं धरून चाला. आठवड्याला एक अर्ज करता येतो, अक्षय तृतीया अजून लांब आहे, सराव करा.

 सरांचे डोळे एकदम चमकले. आपल्याला एक पद्धत माहीत आहे, असं ते म्हणाले. वस्तुचित्र शिकवताना ते मुलांना सांगत की समोर लोटा आहे हे आधी विसरा. लोटा म्हटलं की मनातला लोटा कागदावर येतो आणि चित्र बिघडतं. नुसता आकार बघा, सावली बघा, कड कुठे वळते ते बघा. "तसंच करतो," सर म्हणाले. "रोज तिच्यासमोर बसून चित्र काढतो. तिला न बघता." मृण्मयीला ही कल्पना फारच पसंत पडली. असा हुशार गडी यंत्राला पुरून उरेल, याची तिला खात्री वाटली.

पुढच्या अर्जाला होकारबिंदूचा आकडा आला. सवलत शून्यच होती, पण 'मर्यादा आढळली नाही' हे वाक्य गेलं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला तीन टक्के मिळाले. मृण्मयी हरखली. तिने स्वतःच सरांना फोन करून सांगितलं आणि सरही परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे खूश झाले. सराव कसा चाललाय ते ते मोकळेपणाने सांगत. पहिल्या चित्रांत चेहरा आपोआपच येत होता, म्हणून आता नुसती चादर काढतो. जेवण भरवायला बाई लावली, कारण घास भरवताना सगळी मेहनत वाया जाते. रात्री तिच्या खोलीत झोपायचो, ते बंद केलं, आता हॉलमध्ये खाट टाकली. सकाळी तिला पेपर वाचून दाखवायचो, तेही थांबवलं. हे सगळं थोड्या दिवसांपुरतं आहे, खोली एकदा झाली की मग आहेच, असं ते शेवटी म्हणत. मृण्मयी म्हणे, "बरोबर आहे सर, अगदी बरोबर चाललंय."

एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती आणि तिचं तिला कौतुकच वाटलं होतं. पहिल्या अर्जात सर 'माझी पल्लवी' म्हणाले होते. नंतर 'बायको' म्हणू लागले, मग 'घरची मंडळी', मग 'पेशंट'. दर आठवड्याला सर एक एक पायरी उतरत होते.

इकडे ऊन चढत चाललं होतं. जुनं यंत्र घरघर करत होतं आणि खोली धड थंड राहत नव्हती. पल्लवीताईंना एकदा ताप भरला आणि डॉक्टर बोलवावे लागले. त्या आठवड्यात सरांचा होकारबिंदू वर जाईल अशी मृण्मयीला धास्ती होती, कारण एवढ्या काळजीत कोण आवाज सांभाळणार? पण आकडा वर गेला नाही. उलट थोडा उतरलाच. धन्य आहे या माणसाची, असं ती भूषणला म्हणाली.

अक्षय तृतीयेच्या आदल्या आठवड्यातला अर्ज तिने उभं राहूनच ऐकला. "खोलीचं यंत्र बदलायचं आहे," सरांचा आवाज म्हणाला. "आत एक पेशंट असते. जमत असेल तर बघा, नाही तर राहू द्या." यंत्राने जवळजवळ निम्मी सवलत दिली होती. सावलीच्या इतिहासात एवढी सवलत कोणाला मिळाली नव्हती. उरलेल्या किमतीत सरांना नवीन यंत्र सहज परवडत होतं. मृण्मयीने बटण इतक्या जोरात दाबलं की भूषणने मान वर करून पाहिलं. तिने त्याच दिवशी मेकॅनिक पाठवले, सगळ्या ऑफिसला कचोरी खाऊ घातली आणि आनंद आवरेना तेव्हा डॉ. खंडाऱ्यांना फोन लावला. तुमच्या यंत्राला आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी चीत केलं, असं तिने त्यांना हसत हसत सांगितलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी सगळे अर्ज पहिल्यापासून पाठवायला सांगितले. संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"मृण्मयीताई, यंत्र फसलेलं नाही."

"असं कसं? सरांनी स्वतः मला सांगितलंय, ते सराव करत होते."

"सराव करत होते हे ऐकू येतं. सुरुवातीच्या अर्जांत कंप दाबलेला आहे. दाबण्याचासुद्धा एक कंप असतो, यंत्र तो धरतं आणि हिशेबात घेतं. म्हणून त्यांना तेव्हा फारशी सवलत मिळाली नाही. नंतरच्या अर्जांत तो हळूहळू जातो. शेवटच्यात काहीच दाबलेलं नाही. तिथे दाबायला काही उरलेलंच नाही."

 मृण्मयीला भूषणच्या तीन कचोऱ्या आठवल्या. तिने विचारलं की हे परत येतं का.

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात शास्त्रज्ञाची उत्सुकता होती आणि तिची त्यांना लाजही वाटत असावी. "खाली जाणारा आकडा आम्ही पुष्कळदा पाहिलाय. परत वर येतो का, ते कोणी मोजलेलं नाही."

काम झाल्यावर खोली वापरणाऱ्या माणसाचा अभिप्राय त्याच यंत्रात घ्यायचा, अशी कंपनीची रीत होती. एरवी ते काम मेकॅनिक करत. या वेळी मृण्मयी स्वतः निघाली. भर दुपारी जठारपेठेत रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सरांनी दार उघडलं, या ताई म्हणाले, माठातलं पाणी दिलं. हॉल तव्यासारखा तापला होता. एका कोपऱ्यात त्यांची खाट होती, खाटेवर चित्राची फळी होती आणि गार खोलीचं दार बंद होतं.

भिंतीवर ओळीने चित्रं लावलेली होती. पहिल्या चित्रातल्या पल्लवीताई चित्रकाराकडे बघून हसत होत्या, बहुतेक काहीतरी चिडवत असाव्यात. पुढच्या दोन-तीन चित्रांत चेहरा पुसट होत गेला होता. मग नुसती उशी, चादरीच्या घड्या आणि खाटेखालची सावली. चित्रं उत्तरोत्तर फार सुरेख होत गेली होती, हे मृण्मयीला नाइलाजाने कबूल करावं लागलं.

खोलीचं नवीन यंत्र कसं चाललंय, असं तिने सरांना विचारलं. चांगलं चाललंय, असं ते म्हणाले. मग आता ताईंजवळ बसत जा की, काम तर झालं, असं ती शक्य तितक्या सहजपणे म्हणाली. सरांनी यावर विचार केला. कोणी हिशेब विचारल्यावर करावा तसा नीट विचार केला.

"बसून पाहिलं परवा," ते म्हणाले. "काय बोलायचं ते आठवून नाही राहिलं."

ती दार उघडून आत गेली. खोली झकास गार झाली होती. पल्लवीताई उशाला टेकून बसल्या होत्या, अंगावर स्वच्छ चादर होती, शेजारी पाण्याचा पेला झाकून ठेवला होता. कुठे काही कमी नव्हतं. त्यांचं बोलणं एका बाजूने सैल पडलं होतं, पण थोडं कान देऊन ऐकलं की कळत होतं. मृण्मयीने आपली ओळख सांगितली. पल्लवीताई तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "तुम्हीच त्यांच्याशी फोनवर बोलता ना? मग त्यांना विचारा, माझं काय चुकलं."

 तुमचं काही चुकलं नाही ताई, चूक माझी आहे, असं मृण्मयीला म्हणायचं होतं. पण ती चूक या बाईला समजावून सांगायची तर चिमट्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तेवढं तिला झेपेना. तिने नुसतंच पर्समधून यंत्र काढलं आणि खोलीबद्दल दोन शब्द बोला म्हणाली.

पल्लवीताईंचा धडधाकट हात पुढे आला. "हेच का ते?" त्यांनी विचारलं. "यात मागितलं की मिळतं ते?"

नाही म्हणायला हवं होतं. मृण्मयीने मान हलवली, ती हो अशी हलली. पल्लवीताईंनी यंत्र तोंडाजवळ घेतलं आणि एकेक शब्द सावकाश, नीट उच्चारला जाईल याची काळजी घेत त्या बोलल्या.

"त्यांना आत पाठवा. थोडा वेळ. नाही बोलले तरी चालते."

यंत्राने टिंग केलं. मृण्मयीने पडद्याकडे पाहिलं. 'होकारबिंदू: मर्यादा आढळली नाही. सवलत: शून्य.' खाली मंजुरीचं बटण लुकलुकत होतं.

तिने यंत्र पर्समध्ये टाकलं. विचारते मी सरांना, असं काहीतरी पुटपुटत ती बाहेर आली. सर खाटेवर बसून पेन्सिलीला टोक काढत होते. टिंग त्यांनी ऐकलं होतं.

"किती आलं?" त्यांनी विचारलं.

"शून्य," मृण्मयी म्हणाली. "सर, ताई तुम्हाला आत बोलावताहेत. त्यांनी तेच मागितलं."

सरांनी मान डोलावली. पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं.

"ती पहिल्यापासून अशीच आहे," ते म्हणाले. "साडी आवडली की दुकानदारासमोरच सांगून मोकळी व्हायची. लपवताच येत नाही तिला." ते सांगताना त्यांचा आवाज अगदी सरळ होता. मग त्यांनी मृण्मयीच्या मागे पाहिलं. "दार तेवढं ओढून घ्या, ताई. गारवा बाहेर जाऊन राहिला."